तिची गोष्ट, आमची साक्ष

माझी भाची आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. धाकटा भाऊ आणि भावजय न्यू जर्सीत राहतात. त्याआधी दोन वर्षं त्यांनी तिला मुंबईतल्याच एका संस्थेतून दत्तक घेतलं होतं, आणि नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदाच इकडे घेऊन आले होते. रविवारी आम्ही सगळे आमच्या मराठी चर्चला गेलो. उपासना संपत आली तशी मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या लोकांतल्या, एका वडीलधाऱ्यांनी भावाला पुढे बोलावलं. “साक्ष द्या,” म्हणाले. म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगा. भाऊ उठला, मागोमाग भावजय, आणि तिचं बोट धरून माझी भाची. भाऊ दोन वाक्यं बोलला आणि थांबला. मग त्या वडीलधाऱ्यांनीच माईक हातात घेतला. स्टेशनवर टाकून दिलेलं लेकरू, अंधारातून प्रकाशात, कुठे ते फलाट आणि कुठे अमेरिका, देवाची योजना बघा. बायका पदराने डोळे टिपत होत्या. ती आपल्या नव्या बुटांच्या बंदांकडे बघत उभी होती. एका कानाने तिला कमी ऐकू येतं, आणि तोवर तिचं मराठीही जवळजवळ गेलं होतं. बाहेर आल्यावर तिने मला इंग्रजीत विचारलं, “आत्या, ते माझ्याबद्दल काय सांगत होते?”

मी म्हटलं, “तुला बघून सगळ्यांना खूप आनंद झाला, असं म्हणत होते.”

माझं खोटं तिला कळलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

आता ती सोळा वर्षांची आहे. हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. काय लिहायचं आणि काय नाही, हे तिने ठरवलं. नाव लिहायचं नाही ही तिची पहिली अट.

परदेशी दत्तक या विषयावर आपल्याकडे बोलणं होतं ते कागदांचं, पैशांचं आणि किती वर्षं लागतात याचं. ते सगळं खरंच आहे. पण श्रद्धाळू घरांसाठी, मग ती ख्रिस्ती असोत, माळकरी असोत की मुसलमान, माझं सांगणं वेगळं आहे. मूल घरी यायच्या आधी आपली भाषा तपासा. ‘पुण्याचं काम’, ‘देवाने वाचवलं’, ‘नशीब काढलं पोरीने’, ‘देवाची योजना’ हे शब्द आपण प्रेमाने वापरतो आणि मुलाच्या डोक्यावर आयुष्यभराचं कर्ज ठेवतो. ज्या मुलाला ‘वाचवलं’ आहे, त्याला रागावण्याचा हक्क उरत नाही. जन्मदात्या आईची आठवण काढायचाही नाही.

आणि ‘देवाची योजना’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो? एका बाईला आपलं लेकरू सोडावं लागलं, हेसुद्धा देवाने आमच्या घरी मूल यावं म्हणूनच घडवलं? मी श्रद्धाळू बाई आहे, रोज प्रार्थना करते, आणि असा देव मला मान्य नाही.

आमच्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘दत्तकपणाचा आत्मा’ असा शब्द आहे. पौल या प्रेषिताने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातला. देव माणसाला आपलं लेकरू करून घेतो, असा त्याचा अर्थ. त्यावर मी लहानपणापासून प्रवचनं ऐकली आहेत आणि तो मला प्रिय आहे. पण त्याच शास्त्रात मोशेही आहे. परक्या राजाच्या लेकीने नदीतून उचललेलं, राजवाड्यात वाढलेलं मूल. त्या कथेत जन्मदाती आई पुसली जात नाही. बहीण तिलाच दाई म्हणून बोलावून आणते. आणि मोठा झाल्यावर मोशे आपल्या भाऊबंदांकडे जातो. दत्तकावरच्या प्रवचनात हा भाग मी कधी ऐकलेला नाही.

हिंदू घरांत यशोदेची गोष्ट सांगतात. ती सुंदर आहेच. पण कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला गेला, देवकीकडे गेला, हेही त्याच गोष्टीत आहे. ज्या घरात मुलाला यशोदेची गोष्ट सांगायची असेल, तिथे मथुरेपर्यंत सांगायची तयारी हवी. जनाबाई मला फार जवळची वाटते. गंगाखेडहून लहानपणी नामदेवांच्या घरी आली. घर भक्तीने भरलेलं, खुद्द पांडुरंगाची ये-जा असलेलं. तरी ती स्वतःला शेवटपर्यंत ‘नामयाची दासी’च म्हणत राहिली. तिच्या भक्तीत ते नम्रतेचं नाव आहे, हे मला कळतं. पण त्या घरात तिची जागा कोणती होती, हा प्रश्न मनातून जात नाही. याउलट जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि 1874 मध्ये यशवंतला दत्तक घेतलं. त्याला जन्म देणाऱ्या काशीबाईंचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण ते कुणी पुसलं नाही. मुसलमानांत मूल सांभाळायचं, वाढवायचं, पण त्याच्या बापाचं नाव बदलायचं नाही, अशी कफालाची रीत आहे. 2014 मध्ये सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, आणि ते ऐच्छिक आहे, असं स्पष्ट केलं. ते योग्यच झालं. पण कफालामागचा जो आग्रह आहे, की मुलाचं मूळ खोटं करू नका, तो आम्हा सगळ्यांना शिकण्यासारखा आहे.

चांगल्या हेतूने खोटं किती दूर जातं, हे कोरियाने दाखवलं. ओरेगॉनच्या हॅरी आणि बर्था होल्ट या भाविक दांपत्याने 1955 मध्ये आठ कोरियन मुलं दत्तक घेतली, आणि युद्धात होरपळलेल्या त्या देशातून पुढच्या काही दशकांत लाखाहून जास्त मुलं परदेशी गेली. अनेक कुटुंबांनी ती प्रार्थनेने मागून घेतली होती. मार्च 2025 मध्ये कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने सांगितलं की कित्येक मुलांचे कागद खोटे होते. आईबाप जिवंत असलेल्या मुलांना अनाथ दाखवलं गेलं होतं, आणि सरकारने यावर देखरेख ठेवली नाही. चीनने 2024 मध्ये परदेशी दत्तक जवळपास बंद केलं, नेदरलँड्सने टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं. कोरियन मुलं घेतलेल्या घरांतल्या आईबापांनी काही फसवलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं नाही. देवाने दार उघडलंय म्हटल्यावर दारामागे कोण रडतंय, हे बघायची गरज वाटली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आधीच वर आला होता. वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून 1984 मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. पुढे 1990 मध्ये ‘कारा’ हे दत्तकाचं काम बघणारं केंद्रीय प्राधिकरण आलं, 2003 मध्ये भारत परदेशी दत्तकावरच्या आंतरराष्ट्रीय हेग कराराला बांधला गेला, आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याने सगळं एका चौकटीत आणलं. मुंबईत सापडलेलं मूल डोंगरी किंवा मानखुर्दच्या बालकल्याण समितीपुढे येतं. आईबापांचा शोध घेतला जातो, वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात दिली जाते, आणि त्यानंतरच ते दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरतं. पुढच्या साठ दिवसांत त्याला भारतात किंवा अनिवासी भारतीयांत घर मिळालं नाही, तर ते परदेशी कुटुंबासाठी खुलं होतं. माझ्या भाचीच्या वेळी अंतिम आदेश मुंबई उच्च न्यायालयातून आला होता. 2021 च्या दुरुस्तीने हे काम कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं आहे.

हा शोधाचा काळ अनेकांना ‘सरकारी दिरंगाई’ वाटतो. भावालाही वाटायचा. फोनवर म्हणायचा, “अगं, लेकरू तिथे वाट बघतंय आणि हे जाहिराती कसल्या देत बसलेत?” मी त्याला तेव्हा दुजोरा दिला. आज देणार नाही. ती जाहिरात म्हणजे कुणीतरी आईला दिलेली शेवटची हाक असते.

आणखी एक गोष्ट आपल्या शहरातल्या श्रद्धाळू घरांनी ऐकायला हवी. 2024-25 मध्ये देशात 4,515 दत्तकं झाली, त्यातली 4,155 देशातच. उरलेली साडेतीनशेच्या वर मुलं परदेशी गेली. ती कोण असतात? बहुतेक वेळा पाच वर्षांवरची, भावंडांची जोडी, कानाने, डोळ्याने, पायाने अधू असलेली. इकडे तीस हजारांहून जास्त आईबाप यादीत नाव लावून बसले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट बाळ हवं आहे. माझी भाची सहा वर्षांची होती आणि तिला एका कानाने कमी ऐकू येत होतं. म्हणून ती न्यू जर्सीला गेली. दादर ते विरार इतकी भजनी मंडळं, इतके सत्संग, आमच्या इतक्या प्रार्थनासभा, आणि तिला सामावून घेणारं घर सातासमुद्रापार शोधावं लागलं. मी आमच्या चर्चलाही यातून वगळत नाही.

आता तयारीबद्दल. अमेरिकेत आईबापांना कमीत कमी दहा तासांचं सक्तीचं प्रशिक्षण असतं. भाऊ-भावजयीने ते नेटाने पूर्ण केलं. पण त्यात कुणी सांगितलं नव्हतं की मूल आपल्यासोबत देवही घेऊन येतं.

तिच्या सामानात दोन फ्रॉक होते, संस्थेने करून दिलेला फोटोंचा अल्बम होता आणि अंगठ्याएवढा प्लास्टिकचा गणपती होता. रात्री तिला झोपवणाऱ्या मावशीने तो तिला निघताना दिला होता. आठवड्याभराने भावजयीचा फोन आला. माझ्याकडे सकाळ, तिच्याकडे रात्र. “ताई, आज ती त्याच्यापुढे बिस्कीट ठेवून हात जोडून बसली होती. शुक्रवारी आमच्याकडे बायबल स्टडी आहे, वीस माणसं येतात. काय करू?” तिचा आवाज रडवेला होता. मूर्तीपुढे हात जोडायचे नाहीत, हे आम्ही दहा आज्ञांबरोबर पाठ केलेलं. भाऊ म्हणत होता, हळूच बाजूला ठेवू, तिच्या लक्षातही येणार नाही.

मी पप्पांना सांगितलं. पप्पा तेव्हा ऐंशीच्या घरात होते, मंडळीत मानाचे, शास्त्राच्या बाबतीत कडक. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या पोरीने स्वतःच्या हाताने आणलेली ती एकच वस्तू आहे. तिला कुणी हात लावायचा नाही.” आणि थोड्या वेळाने, “बिस्कीट मात्र रोज बदलायला सांग, मुंग्या लागतील.”

गणपती तिच्या खोलीतल्या फळीवर राहिला. शुक्रवारी आलेल्यांपैकी एका बाईंनी भावजयीला बाजूला घेऊन समज दिली, ती तिने ऐकून घेतली. बाप्तिस्म्याची घाई करणारेही होते. सहा वर्षांची आहे, आताच घ्या, मन कोवळं असतं. भावाने थांबायचं ठरवलं. मला त्याचा अभिमान वाटतो, कारण ते त्याला सोपं नव्हतं. आईबापांना आपल्या श्रद्धेत मूल वाढवायचा हक्क आहे, हे मलाही मान्य आहे. ते जेवायच्या आधी प्रार्थना करतील, मूल डोळे मिटून बसेल, घर आहे ते. पण मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आणि हेग करार दोन्ही सांगतात की मुलाच्या धार्मिक, सांस्कृतिक पार्श्वभूमीचा विचार व्हायलाच हवा. काही लोकांना यात सरकारी भाषा दिसते. मला त्यात तो अंगठ्याएवढा गणपती दिसतो. मूल घराच्या श्रद्धेत राहील, पण त्याचं आधीचं पुसायचं नाही. आणि धर्मात एक जीव वाढवायचा म्हणून जर कुणी दत्तक घेत असेल, तर त्याने घेऊ नये, मग तो माझ्या चर्चचा असला तरी.

उशीखाली पोळीचे तुकडे सापडायचे. हे संस्थेतून आलेल्या मुलांमध्ये नेहमी दिसतं. भूक आठवणीत राहिलेली असते. एका हितचिंतकाने चोरी आणि लबाडीवरची वचनं काढून दिली. एकाने उपवास-प्रार्थना सुचवली. भावजय समुपदेशकाकडे गेली, ती समुपदेशक म्हणाली, पलंगाशेजारी एक डबा ठेवा आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नका. खारी आणि केळी ठेवायला लागले. आठ महिन्यांनी उशीखालचं आपोआप थांबलं. प्रार्थना तेव्हाही चालूच होती. प्रार्थना आणि समुपदेशक यांतलं एकच निवडायला लावणारा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं, इतपत मी आता कठोर झाले आहे.

मंडळीची मदत मी नाकारत नाही. पहिले पंधरा दिवस त्यांच्याकडे डबे येत होते, कुणी गरम कपडे दिले, कुणी खेळणी. पण खरी कसोटी तिसऱ्या महिन्यात लागली. नवलाई संपली, तिचा राग बाहेर यायला लागला, ती भांडी फेकायची, रात्र रात्र झोपायची नाही. तेव्हा कुणी आलं नाही. एखाद्या घरी असं मूल येणार असेल तर मंडळीने आपला डबा तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवावा.

पैशाबद्दल एकच. चर्चने वर्गणी काढायची तयारी दाखवली होती, भावाने नम्रपणे नाही म्हटलं. तेव्हा मला तो अहंकार वाटला. पण ज्यांनी पैसे दिले असते, त्यांना त्या मुलीच्या गोष्टीवर हक्क वाटला असता, आणि पैसे न घेताही त्या रविवारी काय झालं ते मी वर लिहिलंच आहे.

नागरिकत्वाचे कागद मात्र हातचे सोडू नका. अमेरिकेत 2001 पासून अशा मुलांना नागरिकत्व बरंचसं आपोआप मिळतं, पण त्याचा दाखला हातात आला की नाही, हे आपण बघायचं असतं. मुंबईतून लहानपणी दत्तक गेलेल्या एका बाईचं नागरिकत्व कुणी पूर्णच केलं नव्हतं. 2008 मध्ये, ती स्वतः आई असताना, तिला भारतात परत पाठवलं गेलं. ज्या शहराची भाषा तिला येत नव्हती, त्या शहरात. दत्तकानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मूल कसं आहे याचे सहा पाठपुरावा अहवालही द्यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला. त्यांचा कंटाळा करू नका.

सगळ्यात मोठी चूक आमच्या घराची झाली ती भाषेची. आईबाप मराठी, मूल मराठी. इतकं भाग्य परदेशी जाणाऱ्या किती मुलांना मिळतं? पण शाळेतल्या कुणीतरी सांगितलं की कानाचा त्रास आहे, दोन भाषांनी गोंधळेल, घरी इंग्रजीच बोला. त्यांनी ऐकलं. वर्षभरात तिची मराठी गेली. तिला त्या मावशीचं नाव आठवतं, ती काय गाऊन झोपवायची ते आठवत नाही. भावजय आजही त्याबद्दल बोलताना गप्प होते.

या वर्षी मे महिन्यात ती आली होती. अठरा पूर्ण झाल्यावर तिला स्वतःहून मुळांचा शोध घ्यायचा अर्ज करता येईल. त्याआधी आईबापांसोबत करता येतो, आणि तिघांनी तो मिळून केला आहे. काय सापडेल ते माहीत नाही. बाप्तिस्म्याचं तिने अजून ठरवलेलं नाही. तिच्या फायलीत एक जुनी झेरॉक्स होती, वर्तमानपत्राच्या कात्रणाची. काळपट फोटो, केस कापलेले. खाली सात-आठ ओळी मराठीत. तिला वाचता येत नव्हत्या आणि तिने आईबापांना विचारलं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याशी मी भाजी चिरत होते, तिथे ती तो कागद घेऊन आली. “आत्या, हे वाच,” म्हणाली. “सगळं. जसं आहे तसं.”

मी हात पुसले आणि वाचायला लागले. सदर बालिका रेल्वे स्थानक परिसरात मिळून आली आहे. वय अंदाजे चार वर्षे. रंग सावळा, अंगात पिवळ्या रंगाचा फ्रॉक, पायात चप्पल नाही. उजव्या गुडघ्यावर जुनी खूण. भाषा मराठी. बालिकेच्या पालकांनी अथवा नातेवाइकांनी खालील पत्त्यावर संपर्क साधावा.

प्रत्येक ओळीचा अर्थ मी तिला इंग्रजीत सांगितला. काही गाळलं नाही. तिने पँट वर करून गुडघा बघितला. मग म्हणाली, “आता फक्त मराठीत वाच. हळू.”